वाचक विचारतात : वळवाचं आभाळ

एप्रिल-मेच्या आभाळाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख ‘आज वळीव येणार का’ हाच आहे, म्हणून पहिल्या दोन उत्तरांना जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : आमच्याकडे म्हणतात, पारा ४२ वर गेला की संध्याकाळी वळीव ठरलेला. यंदा सलग तीन दिवस ४२ होता, थेंब पडला नाही. पुढच्या आठवड्यात ३८ असताना मात्र गारा पडल्या. हे गणित काय? (बार्शी)

पारा हे अर्धंच गणित आहे. ऊन जमीन तापवतं, जमिनीला टेकलेली हवा हलकी होऊन वर निघते. ४२ चा उपयोग इथवरच. वर गेलेल्या हवेत वाफच नसेल तर ढग कशाचा होणार? वाफेचा हिशोब दवबिंदू सांगतो. हवा जितक्या अंशांपर्यंत गार केल्यावर तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, तो तिचा दवबिंदू.

आता तुमचे दोन दिवस शेजारी ठेवा. तापमानातून दवबिंदू वजा करून १२५ ने गुणलं की ढगाचं बूड जमिनीपासून साधारण किती मीटरवर बसेल ते कळतं. ४२ तापमान आणि ८ दवबिंदू असेल तर ३४ गुणिले १२५, म्हणजे ४२५० मीटर. इतक्या उंचावर झालेला ढग बहुधा चपटाच राहतो, आणि त्यातून पाऊस सुटला तरी चार किलोमीटर कोरड्या हवेतून येताना वाटेतच वाळतो. ३८ आणि १८ असेल तर बूड २५०० मीटरवर येतं. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, तीच ढगाला आणखी वर ढकलते. त्यामुळे ३८ चा दमट दिवस ४२ च्या कोरड्या दिवसाला भारी पडतो.

वाफ कुठून येते हे वारा सांगतो. कोरड्या दिवसांत वारा वायव्येचा असतो. तो फिरून आग्नेयेचा झाला की बंगालच्या उपसागरावरची वाफ आंध्र-तेलंगण ओलांडून मराठवाडा-सोलापूरकडे सरकते. हे दोन वारे जिथे भिडतात ती रेघ बऱ्याचदा विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकाकडे गेलेली असते. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये ‘वाऱ्यांची खंडितता’ हे शब्द दिसले की तीच. वळवाचे ढग बहुतेक या रेघेच्या आसपास उभे राहतात.

पठारावर आमचा ठोकताळा असा : दुपारी बाराला दवबिंदू १८ च्या वर, वारा आग्नेयेचा, आणि दुपारी एकच्या सुमाराला कापशी ढगांची डोकी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी टणक, रेखीव दिसत असतील तर आशा धरायला हरकत नाही. डोकी विस्कटलेली, कडा फाटलेल्या असतील तर वरची कोरडी हवा ढग खात आहे. सकाळी सात-आठला मध्यम उंचीवर एका ओळीत किल्ल्याच्या बुरुजांसारखे छोटे ढग दिसले, तर वरची हवाही अस्थिर आहे असं समजा. ते बुरुज दहापर्यंत विरून जातात, म्हणून बरेच जण चुकतात.

ज्यांना आकडे हवेत त्यांनी हवामान खात्याच्या फुग्याची, म्हणजे उंच जात वरच्या हवेचं तापमान आणि वाफ मोजणाऱ्या फुग्याची, निरीक्षणं पाहावीत. मुंबई, नागपूर, पणजी इथून पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेचे फुगे सुटतात आणि वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यांचे आलेख मिळतात. त्यातला ‘केप’ हा आकडा ढगाला मिळू शकणारी ऊर्जा दाखवतो. १००० च्या वर असेल तर दखल घ्यावी, २५०० च्या वर असेल तर घरावरचे पत्रे तपासून घ्यावेत. पण पहाटेचा केप पहाटेच्या गार जमिनीवरून काढलेला असतो. तो शून्य दिसला म्हणून दिवस सोडून देऊ नका; दुपारचं अपेक्षित तापमान धरून तो पुन्हा पाहावा लागतो.

प्रश्न : मोबाइलवर दिसणारा दवबिंदू आमच्या गावचा नसतो असं वाटतं. घरी मोजता येईल का? (फलटण)

बरोबर वाटतं. तो आकडा बहुधा संगणकाच्या प्रारूपातला किंवा दूरच्या विमानतळावरचा असतो. घरी मोजायला दोन सारखे थर्मामीटर पुरतात. शाळांना प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात ० ते ५० अंशांचे मिळतात. अर्ध्या अंशाच्या खुणा असलेले घ्या. आधी दोन्ही कोरडे, शेजारी शेजारी तासभर सावलीत टांगा. फरक पडला तर लिहून ठेवा आणि पुढे कायम वजा करा.

मग एका थर्मामीटरच्या टोकाच्या फुग्यावर जुन्या मलमलीचा एकेरी पदर दोऱ्यानं बांधा आणि त्याचं टोक खालच्या पाण्याच्या बाटलीत सोडा; ही झाली वात. कापड नवं असेल तर त्यातली खळ उकळून काढा, नाहीतर पाणी वर चढतच नाही. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटरच वापरा. बोअरच्या पाण्याचे क्षार आठवड्याभरात कापडावर पांढरे धरतात आणि वात मरते. दोन्ही थर्मामीटर सावलीत, मातीपासून चार फुटांवर टांगा. गच्चीवर किंवा फरशीवर नको. वाचण्याआधी तीन-चार मिनिटं टेबलफॅनचा वारा द्या. वारा आधी कोरड्यावर आणि मग ओल्यावर जाईल असा. ओल्याचा पारा उतरायचा थांबला की दोन्ही आकडे घ्या.

पुणे-फलटणच्या उंचीला कोरडा ३८ असताना ओला २०, २२, २४, २६ असेल तर दवबिंदू साधारण १०, १४, १८, २२ येतो. म्हणजे ओल्या थर्मामीटरची एका अंशाची चूक दवबिंदूत दोन अंशांची होते. वात अर्धवट सुकली की ओला २४ च्या जागी २६ दाखवतो, आणि तुम्ही उगाच वळवाची वाट बघत बसता. आकडा संशयास्पद वाटला तर वात बदला, मग आभाळाकडे बघा.

प्रश्न : फोनमधला बॅरोमीटर रोज दुपारी चारला दाब पडलेला दाखवतो. ही वादळाची खूण ना? (सांगली)

नाही. वातावरणालाही भरती-ओहोटी असते. आपल्याकडे दाब सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली असतो. उन्हाळ्यात दिवसाचा हा चढउतार ३-४ हेक्टोपास्कल सहज होतो. त्यामुळे आजचे चार कालच्या चारशी ताडून पाहा. आणखी एक गंमत : तीन मजले जिना चढलात तरी दाब एक हेक्टोपास्कलनं उतरतो, तेव्हा फोन एकाच मजल्यावर ठेवून वाचा. वळवाची खरी खूण उलटी असते. ढगाखालची गार, जड हवा येऊन थडकते तेव्हा काही मिनिटांत दाब एक ते तीन हेक्टोपास्कलनं *चढतो* आणि तापमान झपकन उतरतं.

प्रश्न : ठाण्यात मे महिन्यात घामानं जीव जातो, दवबिंदू २५ असतो, तरी वळीव नाही. तुमचा दवबिंदूचा नियम इथे का चालत नाही?

कारण कोकणात वाफ आहे, पण वर झाकण आहे. समुद्रावरून येणारा दमट थर जेमतेम काहीशे मीटर ते किलोमीटरभर जाड असतो. त्याच्यावर जमिनीकडून आलेली गरम, कोरडी हवा बसलेली असते. ३३-३४ अंशांत ते झाकण फुटत नाही. तीच वाफ सह्याद्रीच्या भिंतीला टेकून वर चढली की शहापूर-मुरबाडच्या बाजूला ढग उभे राहतात. तेव्हा चारनंतर समुद्राकडे पाठ करा आणि पूर्वेला बघा. वरचा वारा पूर्वेचा असेल तर ते ढग कल्याण-ठाण्याकडे उतरतात. पश्चिमेचा असेल तर जुन्नर-संगमनेरला पाऊस आणि तुम्हाला फक्त लांबची वीज.

प्रश्न : संध्याकाळी पाऊस उघडल्यावर ढगाच्या पोटाला पिशव्या लोंबल्यासारख्या दिसल्या, पिवळ्या-केशरी. फोटो पाठवला आहे. चक्रीवादळ होणार होतं का? (अकोला)

फोटो सुरेख आहे. हे मॅमेटस ढग. गर्जन्मेघ १४-१५ किलोमीटरवर पोहोचला की त्याला आणखी वर जाता येत नाही, म्हणून माथा ऐरणीसारखा आडवा पसरतो. त्या ऐरणीच्या खालच्या अंगातली बर्फकणांनी जड झालेली हवा थेंबाथेंबानं खाली बसते आणि पिशव्या होतात. एकेक पिशवी किलोमीटर-दोन किलोमीटर रुंद असते, दहा-पंधरा मिनिटांत विरते. वादळ होऊन गेल्याची ती खूण जास्त वेळा असते, येण्याची कमी. चक्रीवादळाशी संबंध नाही. मात्र ऐरणीच्या पोटातून निघालेली वीज मुख्य ढगापासून बरीच लांब पडू शकते, म्हणून फोटो ओसरीत उभं राहून काढावेत.

ऐरण कोणत्या दिशेला पसरते तेही टिपा. एप्रिलात वर पश्चिमेचा वारा असतो, ऐरण पूर्वेला किंवा ईशान्येला ओढली जाते. रोहिणी लागायच्या सुमाराला, मेच्या अखेरीस, दक्षिणेकडून वरचा वारा उलटा होत येतो आणि ऐरण पश्चिमेला झुकायला लागते. मान्सूनच्या तारखांच्या बातम्यांपेक्षा आम्हाला ही खूण जास्त आवडते.

प्रश्न : वाढत्या ढगाच्या डोक्यावर इंद्रधनुष्यासारखी रंगीत टोपी दिसली. पाच मिनिटांत गेली. (कोल्हापूर)

पायलियस. ढग इतक्या जोरात वर येत होता की वरचा दमट थर उचलला जाऊन गार झाला आणि पातळ पदराचा ढग झाला. त्यातले थेंब जवळजवळ सारख्या मापाचे असले की रंग दिसतात. ढग टोपी फोडून वर गेला असणार. अशा ढगाला पुढचा अर्धा तास नजरेआड करू नका.

प्रश्न : रडारच्या चित्रात आमच्या तालुक्यावर लाल डाग होता, अंगणात फक्त धूळ उडाली. रडार खोटं बोलतं का? (जत)

रडार खरं बोलतं, पण उंचावरचं. झोत अर्ध्या अंशानं वर कलता ठेवलेला असतो आणि पृथ्वी खाली वळत जाते, म्हणून १५० किलोमीटरवर तो जमिनीपासून अडीच किलोमीटरवर, २०० किलोमीटरवर चार किलोमीटरवर असतो. तिथे पाऊस होता. खाली येताना वाळला. ढगाखाली राखाडी झालरी लोंबताना दिसल्या असतील, त्या याच. पाऊस वाळताना हवा गार आणि जड करतो, ती धाडकन खाली आपटून चहूकडे पसरते. तुमची धूळ त्या वाऱ्याची. पत्रे उडतात ते अशाच कोरड्या वळवात. सोबत बुटका, लांबलचक, फळीसारखा काळा ढग सरकत येताना दिसला तर हाताशी थोडीच मिनिटं असतात.

प्रश्न : रात्री क्षितिजावर विजा चमकतात, आवाज नाही. किती लांब? आणि जवळ आली हे कसं ओळखावं? (परळी)

गडगडाट १५-२० किलोमीटरपलीकडे सहसा पोहोचत नाही, उजेड शंभरावर दिसतो. दिवसा अंतर काढायचं तर हात ताणून मूठ धरा : एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. ऐरणीचा माथा क्षितिजापासून एक मूठ वर असेल तर १५ किलोमीटर उंचीचा ढग सुमारे ८० किलोमीटरवर आहे. दीड मूठ असेल तर ५५ वर. रात्री चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजून तिनानं भागा, किलोमीटर मिळतील. ३० सेकंदांच्या आत आवाज आला की घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. झाड, पत्र्याची उघडी शेड, तारेचं कुंपण, पाण्याच्या मोटारीची पेटी, चारही टाळा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या आतल्या विजा दाखवतं, ते जरूर ठेवा. पण फोनला रेंज नसेल तर कान पुरेत.

प्रश्न : गारांची नोंद कशी ठेवावी? ‘लिंबाएवढी’ लिहिलं तर चालतं का? (निफाड)

लिंबं सगळी सारखी नसतात. १० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे. ते शेजारी ठेवून फोटो काढा आणि सगळ्यांत मोठी गार व सर्वसाधारण गार दोन्ही लिहा. पडायला लागल्याची आणि थांबल्याची वेळही हवी. मोठी गार प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लगेच फ्रीजरमध्ये ठेवा. नंतर गरम केलेल्या सुरीनं मधोमध कापली की कांद्यासारखे पदर दिसतात, काही काचेसारखे, काही दुधी. पाणी सावकाश गोठलं तिथे काच, झटकन गोठून हवा अडकली तिथे दुधी.