डिसेंबरअखेर मुंबईत येणाऱ्या पाहुण्यांनी नाताळ कुठे अनुभवावा?

२४ डिसेंबरची संध्याकाळ गिरगावातील खोताच्या वाडीसाठी, म्हणजे तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीसाठी, राखून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. लाकडी जिने आणि व्हरांडे असलेल्या तिथल्या जुन्या घरांवर चांदण्यांचे आकाशकंदील लागतात. मात्र ती राहती घरे आहेत, म्हणून छायाचित्रे विचारूनच काढावीत. वांद्र्याच्या हिल रोडवर येशूजन्माचे गव्हाणीतले देखावे, चांदण्या आणि कुलकुल हा नाताळचा तळलेला गोड पदार्थ मिळतो. तिथल्याच माउंट मेरी चर्चची जत्रा मात्र सप्टेंबरात असते, तिची नाताळाशी गल्लत करू नये. १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले फोर्टमधील सेंट थॉमस कॅथीड्रल दिवसा निवांत पाहावे. मुक्काम जानेवारीच्या शेवटापर्यंत लांबवता आला, तर साधारण त्याच सुमारास भरणारा काळा घोडा कला महोत्सवही अनुभवता येईल.