बीसीए दुसऱ्या वर्षाला आहे, गावातूनच कॉलेज करतो. क्लास-ऑब्जेक्ट डोक्यात शिरत नाही. चित्रं काढून, छोटा गेम बनवून ओओपी (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग) शिकता येईल का? जावा घेऊ की पायथन?

येईल. मी तसाच शिकलो, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात बसून.

आम्हाला शिकवलं ते असं: 'ॲनिमल' क्लास, म्हणजे साचा, त्यातून 'डॉग', तो भुंकतो. हे उदाहरण निरुपयोगी आहे. एकदा भुंकल्यावर त्या कुत्र्याला काही कामच उरत नाही, मग क्लास कशासाठी हवा हे पोरांना कळणार कसं?

मी पायथनच्या टर्टलवर, म्हणजे चित्रं काढायच्या मॉड्यूलवर, आमचं वावर काढलं. तुरीच्या ओळी, धुरा, तारेचं कुंपण आणि आत शिरणारे रोही (नीलगायी). प्रत्येक रोही आपली जागा, आपला वेग आणि घाबरलाय की नाही हे स्वतःजवळ ठेवतो. आपण फक्त 'पुढे सरक' म्हणायचं. तुम्ही हेच आधी क्लास न वापरता, नुसत्या व्हेरिएबलवर करून बघा. पाच-सहा रोही झाले की क्लास का लागतो ते आपोआप कळतं.

एका रात्री बाबा मोटरची लाइन यायची वाट बघत माझ्याजवळ बसले होते. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "डुक्कर नाही टाकलं काय रे? आन ते रोह्यासारखं उडी नाही मारत, तारेखालून घुसते." माझ्यासाठी पॉलिमॉर्फिझम तिथे सुरू झालं. 'प्राणी' क्लासमध्ये 'कुंपण ओलांड' अशी एक मेथड. रोही उडी मारतो, डुक्कर खालून जातं, माकड झाडावरून येतं. गेमचा लूप सगळ्यांना एकच हाक देतो, समोर कोण आहे हे त्याला माहीत नसतं. मग बाबांनी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत करंट सोडणारी) मागितली, बॅटरी उतरली की बंद पडणारी. म्हणून कुंपणाच्या आत बॅटरीचा वेगळा ऑब्जेक्ट ठेवला. इथे इनहेरिटन्स (एका क्लासमधून दुसरा काढणं) लावू नका: कुंपणाला बॅटरी असते, कुंपण म्हणजे बॅटरी नव्हे. बाबांनी कधी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही, पण डिझाइन त्यांचं होतं.

कॉलेजात हा प्रोजेक्ट दाखवला, तर सर म्हणाले, "चित्रं ड्रॉइंगच्या तासाला काढ, लायब्ररी मॅनेजमेंट करून आण." पुण्यातला मामेभाऊ आजही 'गेम म्हणजे टाइमपास' म्हणतो. दोघांनाही माझं सांगणं आहे की १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँडने स्केचपॅड केलं ते चित्रं काढण्यासाठीच. त्यात मूळ आकृती एकदा काढायची, तिच्या हव्या तितक्या प्रती मांडायच्या. मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलायच्या. क्लास आणि ऑब्जेक्टचं नातं तिथे डोळ्यांना दिसतं. आणि क्लास ज्या भाषेत आले ती सिम्युला ६७, नॉर्वेच्या डाल आणि नीगार्ड यांची, सिम्युलेशनच्या कामातून आली. लायब्ररी मॅनेजमेंटमध्ये सगळी पुस्तकं सारखीच वागतात. त्यातून काय शिकणार? तुमचा गेम आधी घरच्यांना दाखवा, ते चुका बरोबर काढतात.

भाषेचं म्हणाल तर पायथन घ्या. टर्टल त्याच्यासोबतच येतं, नेट लागत नाही. सिलॅबसला जावाच असेल तर ग्रीनफूट (जावात गेम बनवत शिकायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे. प्राणी खूप झाले की टर्टल रखडतं, तेव्हा ट्रेसर (स्क्रीन आपोआप अपडेट करायची सेटिंग) शून्य करून दर फेरीला एकदाच अपडेट करा. आणि हो, पायथन 'प्रायव्हेट' सक्तीने पाळत नाही, इंटरफेसही जावासारखा नाही. पेपरात ते विचारत असतील तर तेवढा भाग जावातच करून घ्या.