शुगर निघाली, आता वर्दीचं काय?

या महिन्यात पत्रं जवळजवळ सगळी एकाच विषयावर आलीत, त्यामुळे थायरॉइडवाले आणि गुडघेवाले पुढच्या अंकात, रागावू नका. भरतीचा सीझन आला की असंच होतं. आर्मी मेडिकल कोअरमध्ये बावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी मेडिकल बोर्डावर, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला बसून पोरांना अनफिट लिहिणारी मीच होते. तेव्हा तिकडचं जसं आहे तसं सांगते.

प्रश्न : डॉक्टरताई, मी २० वर्षांची, बीड जिल्ह्यातली. दोन वर्षं अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी करतेय, ८०० मीटरमध्ये आमच्या बॅचला पहिली असते. दिवाळीनंतर वजन भराभर उतरलं, सारखी तहान, सगळे म्हणाले प्रॅक्टिसमुळे असेल. मग एक दिवस उलट्या होऊन अ‍ॅडमिट केलं तर शुगर ४८०, टाइप १ डायबेटिस निघाला. आता दिवसाला चार इंजेक्शनं. अकॅडमीतले सर म्हणतात कुणाला सांगायचं नाही, मेडिकलच्या वेळी डोस अ‍ॅडजस्ट करू, रिपोर्ट नॉर्मल येईल. असं चालतं का?

नाही चालत बाई, आणि तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग, म्हणावं इन्सुलिनचा डोस हा शॉटपुटचा गोळा नाही, अंदाजाने फेकायला.

एका सकाळची शुगर नॉर्मल आणता येते, खरंय. पण एचबीए१सी नावाची टेस्ट मागचे दोन-तीन महिने काय झालं ते सांगते, ती एका रात्रीत बदलत नाही. आणि समजा नाहीच सापडलं, झाली भरती, पुढं काय? ट्रेनिंगला नऊ महिने रोज पहाटे ग्राउंड, जेवणाची वेळ तुझ्या हातात नाही, आणि इन्सुलिन लपवून घ्यायचं. लपवता आलं नाही म्हणून दोन-तीन दिवस बंद केलंस तर टाइप १मध्ये शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, त्यामुळे रक्तात आम्ल साठून माणूस थेट आयसीयूत जातो. तू एकदा जाऊन आलीच आहेस.

एक सांगते. ट्रेनिंग सेंटरला असताना माझ्याकडे एक रिक्रूट आणला होता. पाच किलोमीटरच्या रनिंगला तिसऱ्या किलोमीटरवर रांग सोडून आडवाच धावायला लागला, उस्तादांना, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांना, वाटलं नाटक करतोय, मग उस्तादांनाच शिव्या द्यायला लागला, मग पडला. डिसेंबरची पहाट आणि बनियन पिळून काढावं इतका घाम. ग्लुकोमीटरवर ३४, म्हणजे शुगर पार तळाला. शिरेतून ग्लुकोज दिलं, दहा मिनिटांत उठून बसला आणि पहिला प्रश्न काय तर, "मॅडम, मेरा बक्सा तो नहीं खोला ना?" बक्सा उघडून झाला होता. तळाला बूटपॉलिशच्या डबीशेजारी ओल्या सॉक्समध्ये गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली. बाटली गार राहावी म्हणून पठ्ठ्या रोज रात्री सॉक्स भिजवून ठेवायचा, संडासात जाऊन इंजेक्शन घ्यायचा, सात आठवडे कुणाला पत्ता नाही. इतका हुशार पोरगा, माझंच डोकं चालेना. पण पुढच्या आठवड्यात त्याची फायरिंग होती, भरलेली रायफल हातात आणि शुगर ३४, शेजारी अजून नऊ पोरं झोपून नेम धरतायत. मी अनफिट लिहिलं. रात्रभर झोप नाही आली, पण लिहिलं.

आता माझं मत विचारशील तर इन्सुलिनवाल्याला भरतीत घ्यायचं नाही हा आर्मीचा नियम मला पटतो. उघडायच्या आधी इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायला लागतं, सियाचीनला ते गोठतं आणि एकदा गोठलं की फुकट, जैसलमेरच्या उन्हात त्याचा जोर जातो, आणि पोस्टवर रेशन दोन दिवस उशिरा पोचलं तर कुणाकडं तक्रार करणार. पोलिसांचं मात्र मला सरसकट पटत नाही. पोलीस खात्यात सायबरला बसणारी माणसं आहेत, कंट्रोल रूमला आहेत, ठाण्यात कागद सांभाळणारी आहेत. अमेरिकेत टेक्सासमध्ये जेफ कॅप्ची म्हणून टाइप १वाला होता, सॅन अँटोनियो पोलिसांनी इन्सुलिन घेतो म्हणून नाकारला, तो कोर्टात भांडला आणि २००२ साली अपील कोर्टाने सांगितलं की इन्सुलिन दिसलं की बाहेर असं करायचं नाही, प्रत्येक उमेदवार वेगळा तपासा. पुढं एफबीआयने नाकारलं तर त्यांच्याशीही भांडला, २००९ला ज्युरीने त्याच्याच बाजूने निकाल दिला. आपल्याकडं असं वेगळं तपासणं अजून रुळलेलं नाही, निवड झाल्यावर सिव्हिल हॉस्पिटलचं फिटनेस लागतं आणि इन्सुलिनवर असलेल्याला तिथं सही मिळणं फार अवघड. बरं, २०१६च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, टाइप १ डायबेटिस नाही. म्हणजे वर्दीला तू अनफिट आणि कोट्याला तू धडधाकट. हे मला आजही चीड आणतं.

आता तुझं काय. दोन वर्षं लेखीचा अभ्यास केलायस, गणित-बुद्धिमत्ता-चालू घडामोडी, तो वाया जात नाही. ग्रॅज्युएशन झालं असेल तर एमपीएससीच्या बिनवर्दीच्या पोस्ट, पोलीस खात्यातच हवं असेल तर लिपिकाच्या जागा निघतात, सायन्सवाली असशील तर न्यायसहायक प्रयोगशाळा. मेडिकल तिथंही असतं, पण पळायचं आणि बंदूक धरायची नसते. आणि धावणं सोडू नकोस. तो झ्वेरेव्ह टेनिसवाला चार वर्षांचा असल्यापासून टाइप १ आहे आणि ऑलिम्पिकचं गोल्ड घेऊन बसलाय. फक्त धावायच्या आधी शुगर बघ, खिशात साखर ठेव, आणि ग्राउंडवर निदान एका मैत्रिणीला सांगून ठेव. एकीला तरी.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा एसएसबी, म्हणजे आर्मी ऑफिसरची निवड-मुलाखत, पास झाला, आम्ही कोल्हापूरचे, घरात पहिलाच. मेडिकलला लघवीत शुगर निघाली म्हणून अनफिट दिलाय. त्याच्या वडिलांना शुगर आहे म्हणून मुलाला नापास करतात का? बाहेर रक्त तपासलं तर उपाशीपोटी ८८ आली.

ताई, आधी श्वास घ्या. वडिलांना आहे म्हणून मुलाला काढत नाहीत, फक्त अशा मुलाची तपासणी जरा कसून करतात. तुमचा ८८चा आकडा मला आशादायक वाटतोय. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंड ती लघवीत सोडतं, पण काही लोकांचं मूत्रपिंड जन्मापासूनच गळकं असतं, रक्तात साखर नॉर्मल असूनही लघवीत उतरते. त्याला रीनल ग्लायकोसुरिया म्हणतात आणि तो डायबेटिस नव्हे. आमच्याकडं येणाऱ्या पोरांत आणखी एक गंमत असायची, मेडिकलच्या आदल्या रात्री आई पेढे भरवायची, मामा सकाळी अशक्तपणा नको म्हणून ग्लुकोजचं पाणी पाजायचा आणि मग सगळे रिपोर्ट बघून रडायचे. तुम्ही तसं काही केलं नसेलच, पण विचारून घ्या मामाला.

चांगल्या लॅबमधून उपाशीपोटी शुगर, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची शुगर आणि एचबीए१सी करा. उपाशी १००च्या आत, दोन तासांची १४०च्या आत आणि एचबीए१सी ५.७च्या खाली असेल तर डायबेटिस नाही. मग फिजिशियनकडून लिहून घ्या आणि अपील मेडिकल बोर्डाला अर्ज करा, साधारण ४२ दिवसांची मुदत असते, पण हातात मिळालेल्या कागदावर काय छापलंय तेच खरं धरा. तिथंही नाही झालं तर रिव्ह्यू बोर्ड असतं. वशिला शोधत बसू नका, त्यात मुदत निघून जाते, मी असली दोन पोरं बघितलीत.

प्रश्न : ताई, मेडिकलच्या आधी १५ दिवस मेथीचं पाणी आणि कारल्याचा रस घेतला तर शुगर दिसणार नाही ना?

दिसेल.

प्रश्न : मी पोलीस हवालदार, वय ४६, पुण्यात ड्युटी. दीड वर्षापूर्वी शुगर निघाली, गोळ्या चालू, ठाण्यात कुणाला सांगितलं नाही, सांगितलं तर साइड पोस्टिंग देतील किंवा अनफिट करतील अशी भीती. गणपती बंदोबस्तात विसर्जनाच्या रात्री हातपाय थरथरले, डोळ्यापुढं अंधारी, दोन चहा मारले आणि उभा राहिलो.

हवालदारसाहेब, चहात साखर होती म्हणून वाचलात. ती शुगर वाढलेली नव्हती, उतरलेली होती. शुगर निघाली म्हणून नोकरीतल्या पोलिसाला घरी बसवत नाहीत, बसवायचं म्हटलं तर निम्मी ठाणी रिकामी होतील. गोळ्यांची पाकिटं बघा, ग्लिमेपिराइड लिहिलं असेल तर ती गोळी घेऊन उपाशी राहिलं की शुगर खाली जातेच, नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा जात नाही. डॉक्टरला सांगा मला २४-३० तासांचा बंदोबस्त असतो, जेवण कधी मिळेल देव जाणे, तो गोळी बदलून देईल. त्यानं विचारलं नसेल कारण तुम्ही ऑफिसात काम करतो असं सांगितलं असणार, बरोबर? शर्टाच्या खिशात साखरेची पुडी, तीन चमचे. थरथर सुटली की तोंडात टाकायची, पंधरा मिनिटं बसायचं, मग काहीतरी खायचं. आणि घरी गेल्यावर बूट काढून तळपाय आरशात बघा, बंदोबस्ताच्या बुटाचा फोड शुगरवाल्याला महाग पडतो. ठाणे अंमलदाराला नाही तर निदान शेजारी उभ्या राहणाऱ्या जोडीदाराला सांगून ठेवा.

प्रश्न : माझे मिस्टर आर्मीत, १७ वर्षं सर्व्हिस. मागच्या वर्षी शुगर निघाली, लो मेडिकल कॅटेगरी दिली. आता काढून टाकतील का, पेन्शनचं काय?

वहिनी, भरतीच्या दारातला नियम आणि आत आलेल्या माणसाचा नियम वेगळा असतो. आत असताना शुगर निघाली तर शेप (SHAPE) या आर्मीच्या मेडिकल कॅटेगरीतला पी, म्हणजे शारीरिक क्षमतेचा दर्जा, खाली येतो, उंचावरच्या पोस्टिंग बंद होतात, प्रमोशनला अडतं, पण शुगर निघाली म्हणून दुसऱ्या दिवशी घरी पाठवत नाहीत. जवानाला साध्या पेन्शनला १५ वर्षं लागतात, ती तुमची झालीत. डिसॅबिलिटी पेन्शनचं, म्हणजे सर्व्हिसमुळे आलेल्या आजाराबद्दलच्या पेन्शनचं, भांडण मात्र वेगळं. भरती होताना आजार नोंदलेला नव्हता आणि नंतर आला तर तो सर्व्हिसमुळेच आला असं धरायचं, नाही म्हणायचं असेल तर आर्मीने कारण दाखवावं, असं सुप्रीम कोर्टाने २०१३मध्ये धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलंय. पण २१ सप्टेंबर २०२३पासून नवे नियम लागू झालेत, ते जास्त कडक आहेत, म्हणून तारखांना फार महत्त्व आहे. मेडिकल बोर्डाच्या कागदावर आजार कधी आणि कुठं सुरू झाला असा एक रकाना असतो. त्यात मिस्टरांचं पोस्टिंग तेव्हा कुठं होतं ते नीट भरलंय का बघा, कारण घाईत तिथं नुसतं शांततेचं ठिकाण लिहून टाकतात. चुकलं असेल तर सही करायच्या आधी बोलायचं. कॉपी मागून घ्या, नाही दिली तर लेखी अर्ज द्या, आणि आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या, वकील नंतर.