नागपूर-पुणे स्लीपर बसने जायचंय आणि नेमका पाळीचा दुसरा दिवस आहे. झोपेत पॅड मागून गळतो, काय करू?

रात्रीचा लांब पॅड घ्या, तो नेहमीपेक्षा तीन-चार बोटं मागे सरकवून लावा आणि वरून घट्ट बसणारी निकर घाला. उताणं झोपलं की रक्त नितंबांच्या फटीतून कमरेकडे ओघळतं, आणि दिवसाचा पॅड तिथवर पोचतच नाही. एकावर एक दोन पॅड मात्र लावू नका. वरच्या पॅडचा प्लास्टिकचा तळ आडवा येतो, खालचा जवळपास कोरडा राहतो आणि रक्त कडेने बाहेर! मी नर्स आहे, वॉर्डात हे नेहमी बघते. मे महिन्यात नागपुरात आणखी एक भानगड: घामाने ओल्या निकरला पॅडचा गोंद धरत नाही, पॅड गोळा होतो. म्हणून बसमध्ये चढण्याआधी कोरडी सुती निकर बदला आणि रात्री बस ढाब्यावर थांबेल तेव्हा झोप मोडून का होईना, पॅड बदला. चड्डीसारखे घालायचे पॅडही मेडिकलमध्ये मिळतात. महाग आहेत, पण अशा एका रात्रीला परवडतात. पाळीच्या कपची (योनीत बसवायचा, रक्त साठवणारा छोटा कप) सवय असेल तर 8 ते 12 तास निभतं, फक्त पहिला प्रयोग बसमध्ये नको. आणि सलग काही तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल किंवा पाळी 7 दिवसांपुढे जात असेल, तर पॅड बदलून भागणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिनही तपासून घ्या.