मॅरिनर्सचं यंदा तरी जमणार काय ओ?

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. जानेवारी 2026)

दिवाळीनंतरच्या अंकात सिअ‍ॅटल मॅरिनर्स या अमेरिकन बेसबॉल टीमच्या हरण्यावर चार ओळी काय टाकल्या, मेलबॉक्स भरून गेला. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात बेसबॉल बघणारी एवढी माणसं आहेत हे आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं, पण पोरगा नाहीतर पुतण्या सिअ‍ॅटलला कॉम्प्युटरवर, त्यानं एकदा घरच्यांना मॅच दाखवली, आणि लागलं वेड, असं बहुतेकांचं दिसतंय. क्रिकेटचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेऊ, रागावू नका.

प्रश्न: मुलाच्या नादानं मी ही टीम बघायला लागलो. आता मॅचेस बंद, पण मुलगा फोनवर रोज सांगतो याला घेतला त्याला सोडला. आयपीएलसारखा एकदाच लिलाव करून मोकळं का होत नाहीत हे लोक? आमच्या गावच्या प्रीमियर लीगमध्येसुद्धा पॉईंट देऊन एका दिवसात सगळं आटपतं.
(एक निवृत्त मास्तर, येळ्ळूर)

मास्तर, तिथं लिलाव नाहीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नुसता बाजार चालू. नवा खेळाडू मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आला की सहा वर्षांची सेवा पुरी होईपर्यंत तो त्या टीमच्या ताब्यात. पहिली साधारण तीन वर्षं टीम देईल तो पगार, कमीत कमी किती द्यायचा ते ठरलेलं, 2026 साठी 7 लाख 80 हजार डॉलर. नंतरची तीन वर्षं पगारावरून वाद झाला तर लवादाकडे जायचं, दोघांनी आपापला आकडा सांगायचा आणि लवाद त्यातला एक उचलणार, मधला आकडा काढायची सोयच नाही. सहा वर्षं झाली की माणूस फ्री एजंट, जास्त पैसे देईल त्याच्याकडे जायला मोकळा. शिवाय टीमा आपापसात ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, करतात, आणि त्यात बहुतेकांना कुणी विचारतही नाही, सकाळी उठला की कळतं आपण दुसऱ्या गावचे झालो. डिसेंबरमध्ये सगळ्या टीमांचे कारभारी एका हॉटेलात जमतात, त्याला विंटर मीटिंग्ज म्हणतात, यावेळी फ्लोरिडातल्या ऑरलँडोला झाल्या. तुमचा मुलगा रोज फोन करतो तो उगीच नाही, बातम्या खरंच रोज असतात.

प्रश्न: 21 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, पहाटे उठून बघितलं आणि दिवस खराब झाला. 3-1 नं पुढं, सातवी इनिंग, आणि बझार्डोला आणला? मुनोझ कशाला ठेवला होता, म्युझियमला? त्या मॅनेजरला काढलं का नाही अजून?
(एक जळलेला, खानापूर)

भावा, तुझं जळणं बरोबर आहे. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टोरंटोविरुद्ध टोरंटोतच सातवी आणि शेवटची मॅच, जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला. मॅरिनर्सचा ब्रायन वू टाकत होता, टोरंटोचे दोघं बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यांवर) आणि एक आऊट. मॅनेजर डॅन विल्सननं वूला काढून एडुआर्ड बझार्डोला आणलं, समोर टोरंटोचा जॉर्ज स्प्रिंगर, आणि स्प्रिंगरनं तीन रनांचा होम रन (बॉल थेट मैदानाबाहेर) मारला. 4-3, खल्लास. आंद्रेस मुनोझ हा त्यांचा हुकमी शेवटचा बॉलर, म्हणजे क्लोजर, तो आला पण पुढच्या इनिंगला, तोवर बैल गेला होता.

आमचं मत विचारशील तर मुनोझच पाहिजे होता. क्लोजर नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगसाठी राखून ठेवायचा हे ठीक, पण हंगामाची शेवटची मॅच असेल तर सगळ्यात मोठा धोका ज्या इनिंगमध्ये तीच नववी समजायची. पण विल्सनला काढायचं? नाही ओ. 90 मॅचेस जिंकून 2001 नंतर पहिल्यांदा आपला डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकलेल्या माणसाला एका चालीवरून काढणार असशील तर आपल्याकडच्या एकाही क्रिकेट कॅप्टनची नोकरी टिकणार नाही.

प्रश्न: मालक कंजूष आहेत काय? आपला बॅटर पोलान्को दोन वर्षं 4 कोटी डॉलरवर न्यूयॉर्क मेट्सला गेला. एवढेपण देता येत नव्हते?
(तंबाखूच्या गावातून, निपाणी)

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, या हिवाळ्यात त्यांनी काहीच केलं नाही असं नाही. जॉश नेलरला पाच वर्षांसाठी 9 कोटी 25 लाख डॉलर देऊन ठेवला, आणि तोही नोव्हेंबरातच, बाकीच्या टीमा अजून हिशेब करत होत्या तेव्हा. नेलर म्हणजे जुलैमध्ये अ‍ॅरिझोनाकडून ट्रेडमध्ये आलेला पहिल्या बेसवरचा माणूस, लीगमधल्या सगळ्यात हळू पळणाऱ्यांपैकी एक, आणि तरी सिअ‍ॅटलसाठी 54 मॅचेसमध्ये 19 बेस चोरले, म्हणजे बॉलरची नजर चुकवून पुढच्या बेसवर पळाला. पाय नाही, डोकं पळतं त्याचं. मॅरिनर्सचा स्वभाव बघता फ्री एजंट बॅटरला एवढे पैसे देणं हीच मोठी बातमी.

दुसरी गोष्ट, पोलान्को. 2025 ला 26 होम रन, आणि डेट्रॉईटविरुद्ध 15 इनिंग चाललेल्या त्या मॅचमध्ये जिंकून देणारा फटका त्याचाच. मन म्हणतं ठेवा. पण वय 32, गुडघ्याची दुखणी जुनी, आणि मेट्सनं घेतलंय ते त्याला पहिल्या बेसकडे वळवायच्या इराद्यानं. सिअ‍ॅटलला पहिल्या बेसवर नेलर आहे. म्हणजे आपल्याला तो दुसऱ्या बेसवर नाहीतर नुसता बॅटिंगला वापरावा लागला असता. 4 कोटी त्याच्यासाठी मला जास्तच वाटतात, कुणाला राग येवो.

पण, आणि हा पण मोठा आहे, त्याच्याबरोबर बॅटर युहेनियो सुआरेझचाही करार संपला. सुआरेझचे दोन्ही टीमा धरून 49 होम रन होते, जरी सिअ‍ॅटलला आल्यावर त्याची बॅट बरीच थंड पडली होती. दोघांच्या जागी कोण? पोरं आहेत, कोल यंग, बेन विल्यमसन, आणि खालच्या लीगमधून कोल्ट एमर्सन येतोय म्हणतात. पोरांवर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण वर्ल्ड सिरीजच्या एका पायरीवरून परत आलेल्या टीमनं दोन पक्के बॅटर घालवून तिथं नुसती आशा ठेवायची म्हटल्यावर निपाणीतूनच काय, सगळीकडून शिव्या येणार.

कंजूष म्हणाल तर त्यांचा एक जुना किस्सा आहे. 2023 ला एका मॅचच्या फरकानं प्लेऑफ हुकला, आणि वर कारभारी जेरी डिपोटो पत्रकारांसमोर बोलून गेले की दहा वर्षांत सरासरी 54 टक्के मॅचेस जिंकत राहिलं की वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचता येतं. हिशेब म्हणून चूक नसेल, 162 च्या हंगामात ते 87-88 विजय होतात, पण हरून आलेल्या माणसाला टक्केवारी सांगतात का? नंतर माफी मागावी लागली. तो 54 चा आकडा सिअ‍ॅटलचे लोक अजून काढतात, आणि 2024 ला पुन्हा एका मॅचनंच हुकलं तेव्हा तर विचारूच नका.

प्रश्न: घरात ह्यांचं आणि भावोजींचं रोज चहाला भांडण. हॅरी फोर्ड नावाच्या पोराला वॉशिंग्टनला देऊन टाकला म्हणून भावोजी चिडलेत, हे म्हणतात बरं झालं. कोण बरोबर ते सांगा, चहा गार होतो माझा.
(एक गृहिणी, अनगोळ)

वहिनी, ह्यांचं बरोबर, पण भावोजींना आजच सांगू नका.

हॅरी फोर्ड हा कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, गुणी, तरुण. अडचण एवढीच की सिअ‍ॅटलचा कॅचर कॅल रॅले आहे. त्यानं 2025 ला 60 होम रन मारले. कॅचरनं एका हंगामात एवढे कधीच मारले नव्हते, आधीचा आकडा 48 होता. दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचे 1961 चे 54 होते, तेही मागे टाकले. आणि केन ग्रिफी ज्युनियरचा टीमचा 56 चा विक्रमही गेला. एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मात्र यँकीजच्या अ‍ॅरन जजला, थोडक्या मतांनी, त्यावर वेगळं भांडण होऊ शकतं तुमच्या घरात. रॅलेचा करार गेल्या मार्चमध्येच लांबवलाय, सहा वर्षं, साडेदहा कोटी डॉलर, जे आता फुकटात मिळाल्यासारखं वाटतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. फोर्डला बाकावर बसवून त्याची किंमत घटवण्यापेक्षा देऊन डावखुरा बॉलर होझे फेरेर आणला, जो अजून काही वर्षं टीमच्या ताब्यात राहील. प्लेऑफमध्ये शेवटच्या इनिंगांत माणसं कमी पडली ते खानापूरच्या पोरानं वर लिहिलंच आहे.

भावोजींच्या बाजूनं एवढंच म्हणता येतं की रॅले जखमी झाला तर काय? कॅचरचे गुडघे, बोटं, काहीही होऊ शकतं. तेव्हा भावोजी जिंकतील. तोवर चहा गरम प्या.

प्रश्न: लॉस एंजेलिस डॉजर्स पैसे ओतून दोन वर्षं लागोपाठ कप घेतात, याला कायदा नाही काय?
(चिकोडी)

कायदा आहे, कुलूप नाही. टीमच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा नाही, ठराविक रेषेच्या वर गेलात की दंडासारखा कर, ती रेषा 2026 साठी 24 कोटी 40 लाख डॉलर. सारखे सारखे आणि खूप वर जाल तर वरच्या एका डॉलरवर 1 डॉलर 10 सेंट कर. डॉजर्स तो भरतात आणि हसतात. त्यांच्या ओहतानीचे 70 कोटी डॉलर, त्यातले 68 कोटी तर त्याला करार संपल्यावर, 2034 पासून मिळणार. मालक-खेळाडूंचा सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतोय आणि मालकांना कमाल मर्यादा पाहिजे, खेळाडूंना ती नको, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात बाजार बंदच पडायची भीती आहे.

बाकी डॉजर्सनं वर्ल्ड सिरीजमध्ये टोरंटोला हरवलं ते पैशानं म्हणणं थोडं अन्यायाचं. सहावी मॅच आपल्याकडे 1 नोव्हेंबरच्या सकाळी होती, त्या दिवशी, राज्योत्सव आणि काळा दिन असतो तेव्हा, बेळगावात वातावरण कसं असतं ते वेगळं सांगायला नको, आमच्यातले काही जण घरातच होते म्हणून पूर्ण बघितली. आणि सातवी 11 इनिंग चालली. डॉजर्सचा बॉलर यामामोटो, त्यानं आदल्या दिवशी सहा इनिंग टाकून परत दुसऱ्या दिवशी येऊन टाकलं. ते करायला पगार पुरत नाही.

प्रश्न: आरसीबीनं 18 व्या हंगामात कप घेतला. मी मराठी असून आरसीबीचा, त्यामुळं आमच्या गल्लीत मुंबईवाले मला 17 वर्षं चिडवायचे. आता मॅरिनर्सपण धरलीय. माझ्या नशिबात दोन कप आहेत काय?
(शहापूर, बेळगाव)

अण्णा, तुम्ही टीमा निवडताच अशा! आरसीबी निदान 2009, 2011, 2016 ला फायनल तरी खेळली होती. मॅरिनर्स 1977 पासून 49 हंगाम खेळले आणि वर्ल्ड सिरीज एकदाही नाही, 30 टीमांत असा हा एकटाच. 2001 ला 116 मॅचेस जिंकल्या, 1906 च्या शिकागो कब्जच्या विक्रमाला बरोबरी, आणि प्लेऑफमध्ये यँकीजनं पाच मॅचेसमध्ये घरी पाठवलं. त्यानंतर 2022 पर्यंत प्लेऑफच नाही. आरसीबीवाल्यांसारखं ‘ई साला कप नमदे’ (यंदा कप आपलाच) म्हणायचं धाडस त्यांच्याकडे कुणी केलं असेल असं वाटत नाही.

तरी खरं सांगू? यंदा चान्स आहे, आणि हा नुसता धीर नाही. गिल्बर्ट, कर्बी, वू, कॅस्टिलो, मिलर अशी बॉलिंग अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांतला मॅरिनर्सचा भाग) फार टीमांकडे नाही, मैदानही समुद्राकाठचं गार, बॉल लांब जात नाही, बॉलरांना मानवतं. गेल्या वर्षी यातले बरेच जण आलटून पालटून जखमी होते आणि तरी 90 आल्या. डिव्हिजनमधला जुना दादा ह्यूस्टन 2025 ला प्लेऑफलाच पोचला नाही. त्यांचा बॅटर ज्युलिओ रॉड्रिगेझ अजून ऐन पंचविशीत.

घाई मात्र आहे. क्रॉफर्ड आणि अरोझारेना यांची टीमशी बांधिलकी 2026 नंतर संपते. गिल्बर्ट 2027 चा हंगाम झाला की मोकळा, कर्बी त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे ही सगळी मंडळी एकत्र असलेला हंगाम हाच शेवटचा, आणि टोरंटोनं तर डिलन सीझला सात वर्षं 21 कोटी देऊन आणलं, ते थांबलेले नाहीत. म्हणून मला पोलान्को गेल्याचं दुःख नाही, त्या जागी अजून कुणी आला नाही याचं आहे. फेब्रुवारीपर्यंत दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसला एक अनुभवी बॅटर ट्रेड करून आणला तर अमेरिकन लीगमध्ये पहिल्या दोनात धरीन. नाही आणला तर पहिल्या पाचात, आणि मग स्प्रिंगरसारखा कुणीतरी भेटतोच.

प्रश्न: मॅचेस परत कधी, आणि किती वाजता उठायचं?
(कारवार)

फेब्रुवारीत अ‍ॅरिझोनात सराव, मार्चच्या शेवटी हंगाम सुरू. सिअ‍ॅटलच्या घरच्या रात्रीच्या मॅचेस बहुतेक तिकडच्या 6:40 ला असतात, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी 7:10. अलार्मची गरज नाही, डब्याच्या गडबडीत बघून होतं. पूर्वेकडच्या शहरांत असतील तर पहाटे चार-साडेचारलाच उठावं लागेल, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा.