एकाच वस्तूला खूप शब्द असावेत, असं मराठीत काही आहे का?

एस्किमोंकडे बर्फाला ५० शब्द असतात असं ऐकून तुम्ही हे विचारलंत. बर्फाचा तो आकडा फुगवलेला आहे. फ्रान्झ बोआस यांनी १९११ साली चारच मूळ शब्द दिले होते, पुढे सांगणाऱ्यांनी ते वाढवत नेले. पण आमच्या गुहागरला या, नारळाचे शब्द वाडीत उभ्याउभ्या मोजून दाखवतो.

सुरुवात झाडापासूनच. आमच्याकडे नारळाचं झाड नसतं, माड असतो. (सुपारीचंही तेच. झाड पोफळीचं, फळ सुपारी.) माडाला पोय, म्हणजे फुलोरा येतो, तिला फळ धरतं. आत भरपूर पाणी आणि साईसारखी मऊ मलई असते तोवर ते शहाळं. खोबरं जरा धरलं, पण अजून लवचीक आहे, तर अडसर. साधारण वर्षभरानं पुरता तयार झाला की नारळ. तो घरात पडून पाणी आटलं आणि खोबरं करवंटी सोडून आत खडखडायला लागलं की गोटा.

आजी हे सगळं कानानं ओळखायची. गणपतीत मोदकांसाठी पडवीतून नारळ आणायला तिनं मला पाठवलं, तेव्हा मी हाताला सगळ्यांत जड लागला तो उचलून आणला. तिनं कानाशी धरून हलवला. "वाजत नाही रे, अडसर आहे हा. ठेव परत." पाण्यानं गच्च भरलेला असला की आत डुचमळायला जागाच नसते. नारळ जून होतो तसं पाणी कमी होतं आणि मग तो वाजतो. मी जड तो चांगला समजत होतो.

सोलला की वरचं ते सोडण, त्याचा काथ्या. फोडला की दोन भकलं. आणि खवला की चव. माझा सगळ्यांत लाडका शब्द हाच, कारण हा चव पुल्लिंगी आहे. नारळाचा चव म्हणजे खवलेलं खोबरं, नारळाची चव म्हणजे जिभेला कळते ती. माझी वहिनी पुण्याची. पहिल्याच आठवड्यात आई तिला म्हणाली, "आमटीत थोडा चव घाल गं," तर ती मिठाचा डबा घेऊन उभी! आता तीच शेजारणीला विचारते, चव ताजा आहे ना म्हणून.

क्रियापदंसुद्धा ठरलेली. ओला नारळ खवायचा, सुकं खोबरं किसायचं. देवापुढे तर नारळ फोडतही नाहीत, वाढवतात. शुभकार्यात मोडण्या-फुटण्याचे शब्द तोंडी येऊ नयेत म्हणून उलटा शब्द योजलेला. बांगडी फुटली तर ती वाढवली म्हणतात, दुकानदार रात्री दुकान वाढवून घरी जातो, ते याच रीतीनं. मात्र ओटीत आणि सत्कारात मानानं येणारा नारळ नोकरीत कुणाच्या हाती दिला, तर त्याला घरी पाठवलं असं समजायचं.

नारळाचे शब्द समुद्रापारही गेलेत. इंग्रजीतला कोप्रा मल्याळम कोप्परावरून पोर्तुगीजांमार्फत गेला, आपल्या खोबऱ्याचा तो जवळचा नातलग. संस्कृत नारिकेलाचं फारसीत नारगील झालं. करवंटीचा हुक्का करत, म्हणून तुर्कस्तानात हुक्क्यालाच नर्गिले म्हणतात. आणि इंग्रजी कोकोनटमधलं कोको हे नाव दिलं ते १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोचल्यानंतर इकडे येऊ लागलेल्या पोर्तुगीज खलाशांनी. त्यांच्याकडे मुलांना भीती दाखवायच्या बागुलबुवाला कोको म्हणत, आणि करवंटीवरचे तीन खळगे पाहून त्यांना त्याचंच तोंड आठवलं. आपल्याकडेही त्या खळग्यांना डोळेच म्हणतात, आणि वर राखलेल्या काथ्याला शेंडी.

सोललेला नारळ हाती आला तर ते डोळे नखानं दाबून बघा. दोन टणक लागतील, एक मऊ. कोंब त्या मऊ डोळ्यातूनच येतो, आणि लहानपणी काडी खुपसून आम्ही पाणी प्यायचो तेही तिथूनच.