कैचीखालची मधली भिंत पाडावी का? वाचकांचे प्रश्न

कापूस-तुरीचे पैसे हातात आले की उन्हाळ्यात घराचं काम निघते, आणि मग सगळीकडून एकच प्रश्न येऊन राहिला आहे, की मधली भिंत काढून हॉल मोठा करता येते का.

प्रश्न : टिनाचं घर आहे, लोखंडी पाइपच्या कैच्या (छत तोलणारे तिकोनी सांगाडे) बाहेरच्या दोन भिंतींवर बसल्या आहेत. मधली साडेचार इंची भिंत काढू का? (काटोल तालुका)

बहुतेक निघते, पण आधी कैची त्या भिंतीवर कुठं टेकली तर नाही ना ते इंजिनिअरला दाखवा.

प्रश्न : मिस्त्रीनं हातोडी ठोकून पाहिली, पोकळ आवाज आला, म्हणे भार नाही. खरं का?

नाही. त्यानं प्लास्टर सुटलं का तेवढं कळते.

प्रश्न : आजोबांच्या वेळचं सागवानी घर, वर कवेलू. आढ्याखाली मधे उभा खांब आहे म्हणून कंत्राटदार म्हणते ही कैचीच आहे, भिंत एका दिवसात काढून देतो. काय करू? (दारव्हा तालुका)

थांबा भाऊ. तिरपे वासे, खाली आडवी तुळई, मधे उभा खांब, एवढं दिसलं की लोक कैची म्हणून मोकळे होतात. खऱ्या कैचीत मधला खांब भार खाली देतच नाही, तो वरून लोंबकळते आणि खालच्या तुळईला वर ओढून धरते, म्हणून त्याच्या पायाशी लोखंडी पट्टी किंवा बोल्ट राहते. तुमच्याकडं खांब तुळईवर नुसता उभा असन आणि बरोबर त्याखाली भिंत असन, तर आढ्याचं वजन खांबातून सरळ भिंतीवर उतरून राहिलं आहे. ती भिंत काढली की तुळई वाकन, आढं बसन, वासे बाहेरच्या मातीच्या भिंतींना ढकलन. आणि हे त्याच दिवशी होईलच असं नाही, एखाद्या पावसाळ्यात कवेलू भिजून जड झाले की होते, तोवर कंत्राटदार पैसे घेऊन मोकळा. टॉर्च घेऊन वर चढा, खांबाचा पाय पाहा, तुळई अखंड आहे की भिंतीच्या वरच दोन तुकडे जोडले आहेत ते पाहा. जोड नेमका भिंतीवर दिसला तर भिंतीवर भार आहे असंच धरून चाला. भिंत आढ्यापर्यंत गेली असन अन् आढं तिच्यात रुतलं असन, तर विचारूच नका. आणि तुळई-भिंतीत फट दिसली म्हणून खूश होऊ नका, खालची माती बसली तरी फट पडते. एवढं पाहूनही निर्णय तुमचा नाही, इंजिनिअर घरी बोलवा, त्याची फी छत बसल्यापेक्षा स्वस्तच पडते.

प्रश्न : कवेलू काढून टिन टाकलं, वजन कमी झालं. आता तर भिंत नको ना?

वजन खूपच कमी झालं, हे बरोबर. पण हलकं छत वारा उचलते. आयएस 875, म्हणजे इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक, त्याच्या भाग 3 मधे नागपूरचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी 158 किलोमीटरच्या आसपास. मधल्या भिंतीत टिन धरून ठेवणारे अँकर बोल्ट असतील तर? शिवाय ती आडवी भिंत बाहेरच्या लांब भिंतींना आधारही देते. हे तपासूनच हात लावा.

प्रश्न : मधल्या भिंतीला तिरप्या भेगा आहेत, म्हणजे तिच्यावर भार आहे का?

भेगेवरून ठरत नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्यावरच्या बिनभाराच्या भिंतीही तडकतात. भेग वाढून राहिली असन तर मात्र लवकर दाखवा.

प्रश्न : कैचीच्या खालच्या पाइपवर फळ्या टाकून कापसाची पोती ठेवली तर चालते का?

नाही. टिनाच्या कैचीचा हिशेब छताच्या वजनाचा अन् वाऱ्याचा असते, गोदामाचा नाही. फॅब्रिकेटर म्हणन काही होत नाही, पण पाइपची जाडी किती टाकली हे त्याला विचारा, अन् लेखी मागा.

प्रश्न : पावसाच्या आधी भिंत काढून घ्यायची आहे, मे महिना संपत आला. इंजिनिअर जूनमधे येतो म्हणते.

मग काम दिवाळीनंतर करा. तरीही करायचंच असन तर इंजिनिअर सांगन तिथं टेकू लागल्याशिवाय पहिली वीटही काढू देऊ नका, मिस्त्री कितीही म्हणो.